अद्भुतनगरीतली लूट

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीच्या मुक्कामी 1697 च्या सुमारास सिद्ध केलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्करी बंदोबस्ताचे जे वर्णन आहे, त्यातील एक कलम मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. लष्कर मुलूखगिरीस निघताना लहानथोर प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी करावी, मोहीम आटोपून ते परतले म्हणजे त्याच यादीशी ताडून सर्वांचा झाडा घ्यावा, आणि जे जाजती निघेल ते सरकारात रुजू करून घ्यावे किंवा ज्याच्या त्याच्या हक्कात वळते करावे, असा तो दंडक होता. लूट ही राज्याची गरज असली, तरी लुटीचा नाद हा लष्कराचा नाश करणारा आहे, हे ज्याने ओळखले त्याचीच ही व्यवस्था. ज्या कल्याण-भिवंडीच्या मुलखात 1657 साली स्वराज्याचा अंमल बसला, त्याच भिवंडीत राहून मी जेव्हा येथल्या तरुण मुलांना पडद्यासमोर बसून काल्पनिक लुटीची मोजदाद करताना पाहतो, हे ठेवावे की ते टाकावे या विवंचनेत गढून गेलेले पाहतो, तेव्हा सभासदाचे ते कलम माझ्या मनात जागे होते. आणि या खेळात माणसाला एवढे गुंतवून ठेवण्याजोगे काय आहे, व त्याच्या पदरी अखेर काय पडते, याचा नीट विचार एकदा करावा असे वाटते.

‘लूटर-शूटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमची रचना, ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी, आधी सांगणे अवश्य आहे. पडद्यावर आपण एका योद्ध्याच्या डोळ्यांनी जग पाहतो; हाती बंदूक असते; समोरून शत्रू चालून येतात. येथवर हा खेळ नेमबाजीच्या इतर कितीतरी खेळांसारखाच आहे. भेद आहे तो पुढे. शत्रू पडला म्हणजे त्याच्या जागी, किंवा वाटेतली एखादी संदूक उघडली म्हणजे तिच्या पोटात, एखादे शस्त्र चमकते, आणि ते शस्त्र कोणी आधी घडवून ठेवलेले नसून नळी, दस्ता, दुर्बीण, खटका असे सुटे भाग संगणकाने त्याच क्षणी फासे टाकावेत तसे जुळवून निर्माण केलेले असते. त्यामुळे तंतोतंत एकसारखी दोन शस्त्रे सहसा हाती येत नाहीत, आणि पुढच्या संदुकीत याहून सरस काही असेल ही आशा कधीच पुरती मावळत नाही. शस्त्राची प्रतही पडल्या जागी उठणाऱ्या प्रकाशाच्या रंगावरून कळते: पांढरे सामान्य, मग हिरवे, निळे, जांभळे आणि सर्वांत दुर्मिळ ते केशरी. 1990 नंतरच्या दशकात ‘डायब्लो’ या तलवारी-मंत्रांच्या खेळाने ही लुटीची पद्धत लोकप्रिय केली. अमेरिकेतील गियरबॉक्स या संस्थेने 2009 साली ‘बॉर्डरलँड्स’मध्ये तिला बंदुकीची जोड दिली, आणि तेव्हापासून या प्रकाराला स्वतंत्र कूळ प्राप्त झाले.

त्या कुळातले अद्भुतरम्य अपत्य म्हणजे ‘टायनी टीनाज वंडरलँड्स’. 25 मार्च 2022 रोजी गियरबॉक्सने तो प्रसिद्ध केला. मूळ ‘बॉर्डरलँड्स’चे जग ओसाड परग्रहांचे, डाकूंचे नि यंत्रमानवांचे, येथे मात्र किल्ले, राक्षस, सांगाड्यांच्या फौजा, बोलणारी झाडे आणि मंत्रविद्या आहे. परंतु या जगाची खरी गंमत त्याच्या चौकटीत आहे. टीना नावाची एक अवखळ, अनाथ मुलगी टेबलाभोवती आपल्या सोबत्यांना बसवून फाशांचा एक कथाखेळ खेळवीत असते. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची ही उघड नक्कल आहे. टीना सांगते ते घडते. ती म्हणते, ‘समोर किल्ला आहे,’ आणि आपल्यासमोर किल्ला उभा राहतो. ती चुकते, बदलते, रुसते, सोबत्यांचे ऐकते, आणि तिच्या प्रत्येक लहरीसरशी पडद्यावरचे जग पालटते. भर कथेत समुद्र नाहीसा होतो आणि ज्या वाटेने जहाजाने जायचे, ती समुद्रतळावरून पायी तुडवावी लागते. नकाशावरून चालताना मध्येच वाट अडते ती एखाद्या डोंगराने नव्हे, तर टेबलाशी बसलेल्या कोणाच्या हातून सांडलेल्या चीजच्या कुरकुऱ्याने; आणि तो दूर केल्याशिवाय पुढचा प्रांत खुला होत नाही. कथेतला खलनायक, ज्याला ड्रॅगन लॉर्ड म्हणतात, तो तर आपल्याला ही दुष्टाची भूमिका का दिली म्हणून कथा सांगणारीशीच वाद घालतो.

हे कथन करणारे माणूस कथेत हजर असणे, हे या खेळाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याची प्रतीती यायची असेल तर 2022 च्या या विस्तृत खेळापेक्षाही, ज्या लहान प्रकरणातून तो उगवला तिकडे पाहिले पाहिजे. ‘बॉर्डरलँड्स 2’ या 2012 सालच्या खेळाला पुढच्या वर्षी एक पुरवणी जोडली गेली, ‘टायनी टीनाज असॉल्ट ऑन ड्रॅगन कीप’. मूळ कथेत रोलंड नावाचा एक वीर, जो या पोरीला पित्यासमान होता, तो मारला गेला आहे. पुरवणीत टीना आपला फाशांचा खेळ मांडते आणि त्यात रोलंडला शूर सरदार म्हणून पुन्हा आणते. सोबती तिला हळुवारपणे आठवण देऊ पाहतात. ती विषय टाळते, थट्टेवर नेते, चिडते, आणि सांगितलेले न ऐकल्यासारखे करून कथा पुढे रेटते. अखेरीस, खेळवणारी तीच असताना, कथेतला कोणताही नियम बदलण्याचा अधिकार तिचाच असताना, जे गेले ते परत आणता येत नाही हे तिला मान्य करावे लागते. बंदुकांच्या दणदणाटाने भरलेल्या एका करमणुकीत, आई-बाप गमावलेल्या मुलीचा शोक इतक्या संयमाने हाताळला जावा, याचे मला अतोनात अप्रूप वाटते. अद्भुत कथेचे काम वास्तवापासून पळवून नेण्याचे असते, असा जो आपल्याकडे समज आहे, त्याला एवढे चोख उत्तर मी अलीकडे फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

हा समज मराठीत जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 साली आली. वाचकांनी त्या उचलून धरल्या. आणि लागलीच 1872 साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून अशा असंभाव्य कथांच्या अतिरेकाचा खरपूस समाचार घेतला. मराठे यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही. चमत्कारामागून चमत्कार रचीत गेले म्हणजे माणूस हरवतो, हे त्यांचे म्हणणे आजच्या खेळांनाही लागू पडते. पण चमत्कार नि माणूस एकत्र नांदू शकतात याचा पुरावा आमच्या भिवंडीला दूर शोधावा लागत नाही. येथल्या मोमीन वस्तीतील अनेक घराण्यांचे पूर्वज 1857 नंतरच्या दशकांत उत्तरेकडून आपली विणकामाची विद्या घेऊन आले, आणि त्यांच्या उर्दू भाषेतली दास्तानगोई ही तर कथनकलेची एक परिणत अवस्था आहे. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून 1883 पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या ‘तिलिस्मे होशरुबा’ची आठवण वंडरलँड्स खेळताना पावलोपावली येते. त्यातला अमर अय्यार हा बहुरूपी अत्यंत धूर्त आणि तितकाच लोभी. लढाई संपली की रणांगणावरचे जे जे मिळेल ते आपल्या ‘झंबील’ नावाच्या अद्भुत झोळीत भरायचे हा त्याचा नित्याचा शिरस्ता. आणि ती झोळी अशी की अख्खी नगरे तीत सामावावीत. आजच्या लूटर-शूटरमधल्या खेळाडूचा हा थेट पूर्वज होय. फरक इतकाच की अमरच्या लोभाची दास्तान सांगणारा त्या लोभाला कथेचे रूप देई, त्यापायी अमर अडचणीत येई, त्याची फजिती होई, आणि श्रोते त्या लोभावरच प्रेम करीत. उलट आजच्या खेळात लोभ हा कथेबाहेर, खेळणाऱ्याच्या स्वतःच्या ठायी वसतो, आणि त्याची दास्तान कोणी सांगत नाही.

खेळ या दृष्टीने वंडरलँड्सची घडण फार चांगली आहे, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. आरंभी सहा प्रकारच्या योद्ध्यांतून एक निवडायचा: कोणी बर्फाची कुऱ्हाड चालवणारा, कोणी विजेचा हातोडा नि सोबत उडता सरडा बाळगणारा, कोणी मृतांशी संधान बांधलेला, कोणी सोबतीला चालते-बोलते अळंबे घेऊन रानात फिरणारा, कोणी अदृश्य होऊन खंजीर चालवणारा, तर कोणी एका हाती मंत्र नि दुसऱ्या हाती पिस्तूल धरणारा. कथा निम्म्यावर आली की या सहांतून दुसरा एक प्रकार पहिल्यात मिसळण्याची मुभा मिळते, आणि त्या संयोगातून प्रत्येकाची लढण्याची रीत निराळी होते. जुन्या मालिकेत हातबॉम्ब होते, त्यांची जागा येथे मंत्रांनी घेतली आहे. बॉम्ब मोजके असत, मंत्र थोड्या अवकाशाने पुन्हा पुन्हा म्हणता येतात, त्यामुळे लढाईला एक लय येते. बंदुकांच्या कल्पनाही सुपीक आहेत. एका घराण्याच्या बंदुका गोळ्या संपल्या की पुन्हा भरायच्या नसतात. त्या शत्रूवर भिरकावून द्यायच्या, म्हणजे त्या हवेत रूप पालटून आपणहून त्याच्यावर तुटून पडतात, आणि इकडे हातात नवी बंदूक प्रकट होते. दुसऱ्या घराण्याच्या बंदुकांना गोळ्या भरण्याचे कारणच पडत नाही, पण अति वापराने त्या तापून हातच्या हाती निकामी होतात, तेव्हा क्षणभर थांबण्याचा विवेक ज्याला नाही त्याने त्या घेऊ नयेत. काही उपकथाही मनापासून रचलेल्या आहेत. जार नावाच्या गोब्लिनच्या पुढाकाराने राबवून घेतले जाणारे गोब्लिन संघटित होऊन जुलूम करणाऱ्यांविरुद्ध उठाव करतात, ती उपकथा कामगारवस्तीच्या गावात पाहणाऱ्याला अधिक भिडते.

वंजारपट्टी नाक्याच्या मागच्या एका गल्लीत, गाळ्याचे शटर अर्धे ओढून चालवलेल्या खेळाच्या पार्लरमध्ये, हा खेळ दोन तरुणांना एकाच पडद्यावर खेळताना मी पाहिला. पडदा मधोमध विभागलेला. एकाचे जग वर, दुसऱ्याचे खाली. एक गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करणारा, दुसरा त्याचाच आतेभाऊ, कॉलेजात जाणारा. धाकट्याच्या बाजूला केशरी प्रकाशाचा खांब उठला, तशी त्याची बोटे थबकली. “दादा, केशरी पडली रे! माझी पिशवी भरलीये, काय टाकू?” थोरल्याने आपली लढाई तशीच सोडून मान वळवली. “ती निळी टाक. नको, आधी आकडा वाच.” मग दोघांनी मिळून त्या बंदुकीचा मायना वाचला: एका गोळीने होणारी इजा, गोळ्यांचा वेग, भरण्याचा अवधी, खाली बारीक अक्षरात तिच्यावर घातलेला मंत्र. या खेळात सोबत खेळणाऱ्यांनी लूट वाटून घ्यावी की प्रत्येकाला त्याची त्याची स्वतंत्र लूट पडावी, हे आधीच ठरवता येते; त्या दोघांनी स्वतंत्र लूट घेतली होती, तरीही एकाच्या संदुकीचा आनंद दोघांच्या चेहऱ्यांवर होता. एका पडद्यावर दोघांना शेजारी बसून खेळता येण्याची ही सोय अलीकडच्या अनेक खेळांनी काढून टाकली आहे. वंडरलँड्सने ती राखली, याबद्दल त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. ज्या गावात प्रत्येकाच्या घरी असे यंत्र असणे शक्य नाही, संगणकावर खेळायचा तर सुमारे 75 जीबी जागा नि चांगले ग्राफिक्स कार्ड लागते, तेथे दोघांत एक यंत्र पुरणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र त्याच गाळ्यात या खेळाचे दुखणेही दिसले. लढाई चार क्षणांची, आणि मग पुढचा कितीतरी वेळ दोघेही पिशव्या उपसत बसलेले: ही ठेवू, ती विकू, हिच्यात विषाचा गुण आहे, तिच्यात आगीचा, हिचा आकडा तिच्यापेक्षा तीनने कमी. संगणक शस्त्रे अगणित घडवू शकतो, पण त्यांतली बहुसंख्य ही आधीच्या शस्त्राहून वाईट असतात, आणि खेळाडूची पातळी चढत गेली की काल जिवापाड जपलेली बंदूक आज निरुपयोगी होते. म्हणजे जे मिळवले ते टिकत नाही, नि जे मिळते ते बहुधा टाकाऊ. तरी हात थांबत नाही. याचे कारण मानसशास्त्राला ठाऊक आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरांवर व उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांत आढळले की दाणा दर वेळी किंवा ठराविक दाबांनंतर मिळत गेला, तर प्राणी तो मिळताच विसावतो. पण किती दाबांनी मिळेल याचा नेम नसेल, तर तो कळ दाबीतच राहतो. चार्ल्स फर्स्टरसह त्याने 1957 साली या निष्कर्षांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. केशरी प्रकाशाचा खांब हा तोच अनिश्चित दाणा आहे. वंडरलँड्समध्ये तर सर्व प्रांतांत लपवून ठेवलेले सोनेरी फासे शोधले की चांगली लूट पडण्याचे दैवही वाढते, अशी योजना आहे; दैवसुद्धा येथे कष्ट करून साठवावे लागते.

कथा चालू असते तोवर हे सारे सुसह्य होते, कारण टीना काहीतरी सांगत असते आणि लूट त्या सांगण्याच्या ओघात येते. कथा संपली, ड्रॅगन लॉर्डचा निकाल लागला, म्हणजे खेळाडूला ‘केऑस चेंबर’ नावाच्या दालनात नेले जाते. तेथे एकामागून एक खोल्या, त्यांतले शत्रू अदलून बदलून, प्रत्येक खोलीअंती स्फटिकांची मिळकत, शेवटी एखादा बलाढ्य राक्षस, आणि अखेरच्या कक्षात ते स्फटिक देऊन हव्या त्या प्रकारची लूट घेण्याची सोय. ते झाले की काठिण्याची एक पायरी वर चढून पुन्हा तेच. येथे कथा सांगणारी उरते ती केवळ वाक्ये फेकण्यापुरती. भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत उभ्या राहणाऱ्या कामगाराला मजुरी मिळते ती तासांवर नव्हे, तर विणलेल्या मीटरवर; किती तास गेले याला महत्त्व नाही, किती कापड उतरले एवढेच मुकादमाच्या वहीत चढते. केऑस चेंबरमधले श्रम याच जातीचे आहेत, आणि दिवसभर मालकाच्या वहीत मीटर चढवून आलेल्या पोराने रात्री पैसे मोजून पुन्हा तशाच वहीपुढे बसावे, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. ज्याला हे आवडते त्याला मी नावे ठेवत नाही. हातांना सराव झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यात एक स्वस्थता असते, तीही मी जाणतो. परंतु जो खेळ सांगण्याच्या सामर्थ्यावर उभा राहिला, त्याने उत्तरार्धात आपला आवाजच गमवावा, ही रचनेतली उणीव आहे, खेळणाऱ्याच्या रुचीचा प्रश्न नव्हे.

2022 च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत या खेळाला ज्या चार पुरवण्या जोडण्यात आल्या, त्यांनी ही उणीव भरून काढायला हवी होती. ‘ड्रॅगन कीप’ ही देखील एक पुरवणीच होती, हे ध्यानी घेता अपेक्षा अवास्तव नव्हती. प्रत्यक्षात त्या ‘मिरर्स ऑफ मिस्ट्री’ म्हणजे लहानशी भुयारे निघाली. आत शिरायचे, थोडक्यात एका राक्षसापर्यंत पोहोचायचे, आणि तोच राक्षस पुढे अधिकाधिक बलवान होऊन पुन्हा पुन्हा मारायचा. किमतीच्या मानाने आशय फार तोकडा, अशी तक्रार जगभरच्या खेळाडूंनी केली, नि ती रास्त होती. नकाशावरच्या गवतातून चालताना जे आकस्मिक हल्ले होतात, त्यांतही थोड्याच वेळात तोचतोचपणा येतो. विनोदाबद्दल मतभेद संभवतो; टीनाचा चिवचिवाट काहींना अखेरपर्यंत रिझवतो, पण ऐन लढाईत चारी बाजूंनी होणारी बडबड मला थकवणारी वाटली, आणि सगळी गंमत अमेरिकन इंग्रजीच्या श्लेषांवर बेतलेली असल्यामुळे वंजारपट्टीच्या त्या दोन मुलांपर्यंत तिच्यातले निम्मे तरी पोहोचत असेल की नाही याची शंका आहे. त्यांना टीनाचा आवाज ओळखीचा झाला होता. ती काय म्हणते याकडे मात्र त्यांचे लक्ष नव्हते. ज्या खेळाचा प्राण कथनात, त्याचे कथनच ऐकणाऱ्याच्या भाषेत नसणे, हे नुकसान कोणत्याही केशरी बंदुकीने भरून निघणारे नाही.

एका बाबतीत मात्र पालकांनी या खेळाविषयी निष्कारण धास्ती बाळगू नये. पैसे भरून बंद पेटी विकत घ्यायची नि आत काय निघेल ते दैवावर सोडायचे, असा जो व्यवहार अनेक खेळांत चालतो, आणि ज्याला बेल्जियमने 2018 साली जुगाराच्या सदरात टाकले, तो वंडरलँड्समध्ये नाही. खेळ एकदा घेतला की त्यातली सारी शस्त्रे खेळूनच मिळतात; खजिन्याच्या खास संदुकीच्या किल्ल्याही संस्था सांकेतिक शब्दांवाटे विनामूल्य वाटते. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली, तीही अशा खेळांना लागू होत नाही, कारण येथे पणाला लागतो तो वेळ. त्या वेळेचा हिशेब मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांशी बसून, दम न देता, अवश्य करावा. आणि तो करताना कथा खेळण्यात गेलेला वेळ नि दालनात गेलेला वेळ यांचे रकाने निराळे धरावेत.

भिवंडीतली बहुसंख्य मुले हा खेळ खेळणार नाहीत. त्यांच्या हाती मोबाईल आहे, आणि मोबाईलवर ‘बॅटल रॉयल’ खेळांचे राज्य आहे. तेथेही लूट असते, पण ती एका डावापुरती. विमानातून उतरावे, घरे धुंडाळून मिळेल ते शस्त्र उचलावे, आणि डाव संपला की रिक्त हस्ताने पुन्हा आरंभ करावा. पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने 16 ऑक्टोबर 2024 रोजी याच प्रकारात ‘इंडस’ हा खेळ आणला. सिंधू संस्कृती लयाला न जाता वाढत वाढत अंतराळापर्यंत पोहोचली असती तर काय झाले असते, या कल्पनेवर त्याचे विरलोक नावाचे जग उभे आहे, आणि डावाच्या शेवटी प्रकट होणारे ‘कॉस्मियम’ हस्तगत करणाऱ्याला, सगळे शत्रू मारले नसतानाही, विजय मिळू शकतो, ही त्याची खास युक्ती आहे. कल्पना थोर आहे. पण बॅटल रॉयलच्या धावपळीत त्या विरलोकाची कथा सांगायला कोणाला उसंत मिळत नाही, नि सिंधूचे ते भविष्य भिंतींवरच्या सजावटीपुरते उरते. उलट पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा खेळ पाहावा. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट. तिच्यावर दुर्गा आणि विष्णू वरून पाहता पाहता संवाद करतात, आणि त्यांच्या त्या संवादातूनच आपल्याला कथा कळत जाते. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसल्यानंतरही त्या मंडळींनी तो पुरा केला, नि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवागतांच्या सर्वोत्कृष्ट खेळाच्या नामांकनापर्यंत तो पोहोचला. त्यात लूट नाही. सांगणारे मात्र आहेत.

तेव्हा ही दोन अंगे एकत्र आणणारा खेळ आपल्याकडे व्हावा, असे मला आग्रहाने वाटते, आणि त्यासाठी टीनाची नक्कल करण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा अजून जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्या जतनासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी पोथीतली चित्रे एकामागून एक समोर धरतो, वाद्याच्या साथीने गातो, पात्रांचे संवाद स्वतःच बोलतो, मध्येच थांबतो, श्रोत्यांचा कौल पाहतो. अशा कथेकऱ्याच्या हाती खेळाची सूत्रे द्यावीत. त्याने चित्र उलटावे आणि पडद्यावरचा प्रांत पालटावा. श्रोत्याने, म्हणजे खेळणाऱ्याने, फार लोभ केला तर त्याने त्या लोभाचीच कथा करून त्याला अडचणीत पाडावे, अमर अय्याराच्या दास्तानीत होई तसे. मोहिमेअंती त्याचा झाडा घ्यावा, यादीबाहेरचे जिन्नस सरकारात जमा करावेत, आणि मग खेळणाऱ्याने ठेवलेल्या एकेका वस्तूमागची हकीकत त्याला मालवणी किंवा कोकणी बोलीत, भिवंडीत खेळणाऱ्याला वाटल्यास उर्दूत, सांगावी. संगणक शस्त्राचे लक्षावधी नमुने फासे टाकून जुळवू शकतो, तसे चार बोलींतले सांगणे त्याच्यात भरणे आजच्या काळात अशक्य नाही. पुण्यात ते तंत्र जाणणारी मंडळी आहेत, आणि पिंगुळीत चित्रांच्या पोथ्या आहेत.